नंतर आठवण करा

दिवाळीपासून उजव्या कोपऱ्यात
एक निळी चौकट येऊन बसते.
आत्ता की नंतर, एवढंच विचारते.
मी नंतर म्हणते. ती जाते,
उधारी मागायला आलेला माणूस
चप्पल न काढताच परत फिरावा, तशी.

निहाल चौरसिया म्हणतो, आंटी, कर डालो,
इसको तो अब बनानेवाले भी नहीं पूछते.
बोलता बोलता कीबोर्ड उलटा करून आपटतो.
शेवेचा चुरा पडतो, स्टेपलरची एक पिन,
आणि तांदळाचा दाणा,
कुंकवात भिजून केव्हाचा वाळलेला.

दुकान पळशीकर कॉलनीच्या तोंडाशी.
पाटीवर पळशीकर, रिक्षावाल्याच्या तोंडी पलसीकर,
खरं सांगायचं तर माझ्याही.

या डब्यात सव्वीस वर्षांच्या पत्रिका आहेत.
बारशी, मुंजी, साठीशांती,
काळ्या चौकटीची तेराव्याची कार्डं.
एका घराच्या तर सगळ्याच, क्रमाने.
सगळं जुन्या फाँटात,
आणि तो विकणारा पुण्याचा माणूस
आता फोन उचलत नाही.

मागे भाच्याच्या लॅपटॉपवर एक फाइल उघडून बघितली.
श्रीच्या जागी डॉलर.
कुलदेवतेच्या जागी टक्का, दोन कंस, उलटं उद्गारचिन्ह.
वधूपित्याचं नाव नुसते चौकोन,
बाथरूमच्या फरशीसारखे.
भाचा हसला. मीही हसले.
रात्री जेवण गेलं नाही वगैरे काही झालं नाही.
जेवले. ताकात मीठ घालायचं तेवढं राहिलं.

हिशेबही केला.
मेमरी वाढवायची तर साडेतीन हजार.
प्रिंटर नव्याशी बोलेल की रुसेल, सांगता येत नाही.
सगळं पुन्हा टाइप करायचं म्हटलं, रोज चार पत्रिका,
तर संपेपर्यंत मला बासष्टावं लागेल.
आणि कुणाला हव्यात?
लग्नं लागली. दोनचार मोडलीसुद्धा.
एका मुंजीतला बटू परवा आला,
लेकीच्या वाढदिवसाचं कार्ड इंग्रजीत करून घेतलं,
काकू, मस्त, म्हणाला आणि गेला.

शनिवारी निहालने आपलं मशीन आणलं.
देख तो लो, अच्छा न लगे तो मत करना.
मी टाइप केलं: मंदाकिनी पिंपळखरे.
ळ आला.
ठसठशीत, दोन वेटोळ्यांचा,
माझ्या जुन्या ळपेक्षा अंगाने थोडा भरलेलाच.

ये कौन सा अक्षर है?
मी म्हटलं, ल. मग म्हटलं, ल नाही.
जीभ मागे वळवायला गेले, ती जाईना.
सत्तावन्न वर्षं इंदूरची हवा खाल्लेली जीभ.
आमच्याकडे हा लिहिण्यापुरता,
बोलताना आम्ही त्याला घरीच ठेवतो.

तो वाकला, बघितलं, आणि म्हणाला,
अरे, काळो! गोळो!
ये तो हमारे खरगोन का है.
बोलते सब हैं. लिखा हुआ आज देखा.
मग नुसतंच, मजा म्हणून, पुन्हा एकदा, काळो,
इतका स्वच्छ
की मी स्टुलावरून खाली उतरले.

जुन्या मशीनवर हाताला लागली ती पत्रिका उघडली,
कागदावर काढली, त्याच्या हातात दिली.
तू वाच. मी इकडे टाइप करते.
तो वाचायला लागला,
जोडाक्षरांवर घसरत, तिथीला अडखळत,
पण सकाळी, वेळ, मंगळवार, धुळे
कसे नळाच्या पाण्यासारखे धो धो.

कोपऱ्यात चौकट आली. आत्ता की नंतर.
थांब गं जरा, मी म्हटलं,
अजून आहेराची ओळ राहिलीय.