निरीक्षण, वीस गुण

शहाण्यानं चढू नये म्हणतात ती पायरी
आम्हाला चढायला लावली दुसऱ्या वर्षी,
वीस गुणांसाठी.

मिडल्सब्रोचं मॅजिस्ट्रेट कोर्ट, खोली चार,
मागचा बाक, मोबाइल बंद,
मांडीवर डॉक्टर ओबिओरांनी दिलेला तक्ता:
आरोपीचं वय. वकील होता का. लागलेली मिनिटं. निकाल.
"मत नंतर," त्या म्हणाल्या होत्या,
"आधी मोजा."

भिंतीवर सिंह आणि एकशिंगी घोडा,
त्यांच्याखाली तिघं न्यायासनावर,
त्यातला एक थेट माझ्या दंतवैद्यासारखा,
तसाच हळू बोलणारा, दुखण्याआधी.

मी मोजायला लागले.
परवाना नसताना भावाची गाडी चालवलेला मुलगा: पाच मिनिटं.
स्वतःची जन्मतारीख दोनदा चुकलेला म्हातारा: आठ.
त्यातली तीन जन्मतारखेतच गेली.

मग पुकारलं, लिनेट हार्कर,
आणि माझं पेन थांबलं.

आमच्या शाळेत वाढायची ती.
निळी टोपी, कोपरापर्यंत वाफ.
सगळ्यांना एक डाव कस्टर्ड,
आणि ज्यांच्या घरी रात्रीचं काय, हे तिला न सांगता कळायचं,
त्यांना वर अजून एक,
दुसरीकडेच बघत वाढलेला.
मला तो वरचा डाव सहा वर्षं मिळाला.

चीजचे नऊ तुकडे, कॉफीच्या दोन बरण्या.
प्रश्न संपायच्या आत ती "हो" म्हणाली.
सरकारनं दिलेला वकील तिचं नाव कागदात बघून घेत होता.
दंड, खर्च, दुकानाची भरपाई,
दर पंधरवड्याला किती कापायचे
यावर तिघांची कुजबुज.
सात मिनिटं.
मी सात लिहिलं. अक्षर नीट आलं.

शिक्का मारण्याचा सिद्धान्त मला पाठ आहे.
बाबांची भट्टी थंड पडली त्या वर्षी
कुणाचं नाव कुठल्या खोलीत पुकारलं गेलं,
तेही शोधलंय मी ग्रंथालयात दोन रात्री.
त्या रकान्यात काही नाही.
सामाजिक न्याय आमच्या पदवीच्या नावात
'आणि'च्या नंतर येतो.
प्रवेशाच्या दिवशी बाबा म्हणाले होते,
"'आणि'पर्यंतचं शिकलीस तर नोकरी लागेल.
पुढचं जमलं तर घरी घेऊन ये."

ती बाहेर बसथांब्यावर होती,
वाऱ्याकडे पाठ करून सिगारेट पेटवत.
"मागे बसून लिहीत होतीस ती तूच ना?
पेपरात लागलीस?"
"नाही. शिकते."
"काय?"
सबंध नाव तोंडात येईना.
"कायदा," म्हणाले, "तसलंच काहीतरी."
"बरं केलंस," ती म्हणाली. माझ्याकडे नीट बघितलं,
पूर्वी रांगेत बघायची तसं.
"जेवलीस का?"

पिशवीत माझं सँडविच होतं. चीजचं.
"हो," म्हणाले.
शपथेवर नव्हते मी.
बस आली तेव्हा ती चढली,
मी पुढच्या बसला थांबते म्हणाले,
पुढची बस चाळीस मिनिटांनी होती.

तक्त्याच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे,
बहुतेक जण ती कोरी ठेवतात:
*निरीक्षकाचे हितसंबंध असल्यास नमूद करावेत.*
मी लिहिलं: कस्टर्ड. वरचा डाव. सहा वर्षं.

चौदा मिळाले.
त्या ओळीशेजारी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह आहे,
डॉक्टर ओबिओरांचंच,
आणि ते नंतर खोडलंय,
पूर्ण नाही.