निळे खटके

निळ्या खटक्यांचा कीबोर्ड, तीन पगारांतून थोडे थोडे काढून आणलेला.
पहिल्या दिवशी ऑर्लांडोनं हेडफोन चढवले.
दुसऱ्या दिवशी वेरेकर मॅडमची चिठ्ठी, माझ्या स्क्रीनवर डकवलेली:
‘कृपया हळू. इथं माणसं विम्याचे दावे तपासतात.’

खाली म्हापशाचा शुक्रवार.
चोरिसांच्या माळांपाशी हमरीतुमरी,
मडकं बोटांनी वाजवून
नाक मुरडणाऱ्या बायका,
आणि सायकलवरच्या पोदेराचा भोंगा, थेट जिन्यापर्यंत.
त्यांना कुणी चिठ्ठी चिकटवत नाही.
हे मनातल्या मनात. मोठ्यानं फक्त ‘सॉरी’.

मग रबराच्या चकत्या मागवल्या.
एकशे चार बटणं चिमट्यानं उपटली,
जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.
खाली जुना टॉवेल घातला.
आवाज गेला नाही,
त्याला नुसतं पडसं झालं.

आज मॅडम चहा घेऊन टेबलाशी आल्या.
वाटलं, आभार मानतील.
‘बाय, काल चारनंतर
तू एकच बटण दाबत होतीस.
किती वेळ.
लिहिताना असं वाजत नाही.’

राजीनामा पुसत होते मी,
एकेक अक्षर.
सगळा एकदम उडवायचा धीर झाला नव्हता,
पाठवायचाही.

‘म्हणजे तक्रार आवाजाची नव्हती?’
‘होती की. आहेच. डोकं उठतं माझं.’
बिस्किट मोडून
अर्धं त्यांनी स्पेसबारवर ठेवलं.
खट्.