उपयोगिता प्रमाणपत्र

एकतीस मार्चला, संध्याकाळी सात वाजता
जत तालुक्यातल्या आमच्या ठाण्याला
शासनाकडून बोट मिळाली.
रबरी, नारिंगी, दहा जणांची,
सोबत चार वल्ही
आणि पायानं मारायचा पंप.

आम्ही मागितली होती जीप.
तीन वर्षं मागत होतो.
जुनी रात्री उतारावरच लावायची,
म्हणजे फोन आला तर ढकलायला माणसं नकोत.
पण जीपचं लेखाशीर्ष वेगळं, बोटीचं वेगळं,
आणि निधी परत जाऊ द्यायचा नसतो म्हणे,
पाणी गेलं तरी चालतं.

बसगोंडा हवालदारांनी पोच दिली.
मुद्देमालाच्या खोलीत आधीच
चोरीचा बेदाणा, सतरा पेट्या, निकाल लागेना,
दोन मोटारी विहिरीच्या, कोयते, एक बुलेट.
त्यात ही, घडी घालून.
"हिला न्यायचं कुठं पण?" रेवती सनमडीकरनं विचारलं.
सात किलोमीटरवर तलाव आहे.
त्यात बाभळी आहेत.

मेमध्ये पत्र आलं: वापर कळवा, फोटोसह.
मग अंगणात फुगवली,
टँकरवाल्याला चहा पाजून गुडघाभर पाणी सोडलं.
लाइनीतली पोरं दुपारभर डुंबली,
त्याच पाण्यात कपडे निघाले, उरलं ते लिंबाला.
फोटोत पोरं येणार नाहीत असं बघितलं.
वापर: समाधानकारक.

ऑगस्टात वायरलेस खरखरला. कृष्णा चढतेय.
आमच्याकडं आभाळात नुसता वारा.
ट्रकवर बोट, बोटीत आम्ही चौघं,
पोहता येतं एकट्या बसगोंडांना, तेही विहिरीपुरतं.

सांगलीवाडीत वरच्या मजल्याच्या खिडकीतून
एक बाई शिलाई मशीन खाली देत होती.
"आधी तुम्ही या!" रेवती ओरडली.
"हप्ते फिटायचेत अजून," बाई म्हणाली.
मशीन आधी आलं.
तीन दिवस फेऱ्या झाल्या,
किती ते लिहिलं नाही,
तसा रकाना नव्हता.

नोव्हेंबरात लेखापरीक्षण.
वल्ही चार, आढळली तीन.
एका वल्ह्याची वसुली
हवालदारांच्या पगारातून.

चौथं कुठंय ते रेवतीला ठाऊक आहे:
त्या बाईच्या दारात,
वाळत घातलेल्या साड्यांच्या दोरीला टेकू.
ती बोलली नाही. आम्हीही नाही.
बसगोंडांनी सही केली, पेनाला टोपण लावलं,
आणि विचारलं,
"साहेब, जीपचं काय झालं?"