चार शिट्ट्या

मी त्या पिक्चरमध्ये आहे.
दिसत नाही, तो भाग वेगळा.

खोपकरांची खोली त्यांनी अकरा दिवस घेतली होती,
कन्नमवारनगर, इमारत एकशे सदतीस, तळमजला.
भाडं म्हणून पंखा दुरुस्त करून दिला.
कॅमेरा उलट्या बादलीवर.
उजेड पाडायला मंडळाच्या मखराचं थर्माकोल,
त्यावरचा अर्धा मोर तसाच.
हिरो कुरियर कंपनीत, म्हणून शूटिंग
दोन पार्सलांच्या मधल्या वेळात.
सासरा झालेले देवरुखकर विम्यातून निवृत्त,
संवाद विसरले की पॉलिसीबद्दल बोलायचे.
तेही ठेवलंय.

दिग्दर्शक पुष्कर घरत, असेल चोवीसचा,
पहिल्या दिवशी दारात आला हात जोडून:
काकू, कुकर जरा उशिरा लावाल?
म्हटलं, मुलीचा डबा साडेदहाला निघतो,
तुझा पिक्चर थांबेल, माझी डाळ नाही थांबायची.
दुसऱ्या दिवशीही आला.
तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला, म्हणाला,
आज किती शिट्ट्या?
तूर. चार.
त्याने लिहून घेतलं.

भांडुपच्या मॉलमध्ये, सकाळी नऊ चाळीसला, आम्ही चौदा जण.
त्यातला एक नुसता एसीसाठी, पायाशी भाजीची पिशवी.
पडद्यावर जावई उभा. नोकरी जाऊन दोन महिने झालेत,
सासऱ्याला सांगायला तोंड उघडतो,
शिट्टी.
पाणी पितो. कॉलर ओढतो. बाबा, माझी नो...
शिट्टी.
सासरा म्हणतो, काय? नोटा?
एसीवाला असा हसला की पिशवीतलं लिंबू
घरंगळत गेलं पार खालच्या रांगेपर्यंत,
आणि ते उचलून देता देता तिथली बाई हसत सुटली.
तिसरीला आम्ही आधीपासूनच हसत होतो.

चौथी होतच नाही.
जावई वाट बघतो. सासरा वाट बघतो.
भिंतीपलीकडे भांडं सरकवल्याचा आवाज, तो माझाच,
त्या दिवशी गॅस संपला होता.
मग तेवढ्या शांततेत तो एवढंच म्हणतो, गेली.
आणि सासरा म्हणतो, माहितेय. जेवून घे.

इथे कुणी हसलं नाही.
एसीवाल्याने चष्मा पुसला, एसीमुळेच असेल.
वीस वर्षं या शिट्टीला आमच्या घरात
कुणी मान वर करून पाहिलेलं नाही.

शेवटी नावं पळतात. माझं आलं,
सगळ्यांत खाली, चहावाल्याच्याही नंतर:
कुकर, सौ. विद्युल्लता मांजरेकर.
मी मांद्रेकर.
फोन केला तर पुष्कर म्हणाला,
काकू, एक अक्षर बदलायला बाराशे मागतात.
म्हटलं, राहू दे. मांजर तर मांजर.

शुक्रवारी पिक्चर उतरला.
पुढचा लिहितोय म्हणे, खोली तीच.
त्याला अजून सांगितलेलं नाही मी,
कुकरचं रबर बदललंय,
शिट्टी आता जरा लांबते.