कळ

निपाणीत, आक्कोळ रोडला, पत्र्याच्या शेडमागच्या खोलीत
आनसाक्काच्या अंगठ्यानं मला नापास केलं.

सतरा मिनिटांत अकरा शब्द.
लॅपटॉपवर प्रत्येक स्पर्शाचा लाल ठिपका:
'म'कडे निघालेला 'य'च्या दारात,
'त' गाठायचा तो दोन घरांच्या मधल्या बोळात.
"हात धुऊनच आलो की," ती म्हणाली,
"तंबाखू न्हाई आता हाताला."

तंबाखू नव्हतीच. रेषाही नव्हत्या.
एकतीस वर्षं पानं वळून
पेराची गुळगुळीत गारगोटी झालेली.
रेशनच्या मशीनलाही ती ओळख पटत नाही.
आणि नख: मुद्दाम वाढवलेलं,
विडीचं तोंड मुडपायला लागतं ते.
काचेवर आधी नख टेकतं, मग कातडी,
आणि काच नखाला हिशेबात धरत नाही.

बंगळूरच्या ऑफिसात अंगठा म्हणजे
नऊ मिलिमीटरचं करडं वर्तुळ.
त्याला नख काढायचं कुणाला सुचलं नाही.
मलाही नाही.

"काय लिहायचं होतं, आक्का?"
"कळ आली म्हणून. मनगटात. लेकीला."
गेलं होतं: कल आली.
लेक गोकाकला दिलेली, तिचं उत्तर:
कोण आली गं काल?

ळ मी लपवला होता.
'ल' दाबून धरा, वर फुगा येतो, त्यात तिसरा.
जागा वाचते, असं सगळ्यांना पटवलं होतं,
मी, येळ्ळूरची,
जिच्या गावाच्या नावात ळला ळ चिकटलाय.

मग तिनं खालच्या कोपऱ्यात बोट दाखवलं.
"ह्यो जगाचा गोळा कशाला ठेवलाईसा?"
भाषा बदलायला, म्हटलं.
"मला कुठं जग फिरायचंय?
जावयाला कन्नडात दोन अक्षरं धाडायची असत्यात,
तर गोळा दाबला की बाजार उठतोय नुसता.
सगळे आपापली जागा सोडून दुसरीकडं बसत्यात."

खरं होतं. दोन पाट्या, दोन कंपन्यांकडून आलेल्या,
एकमेकींना कधी न भेटलेल्या.

त्या रात्री लॉजवर बसून
ळला मी पुढच्या ओळीत आणला,
अंगठा दमला की जिथं आपोआप टेकतो तिथं.
आणि कन्नडातला ळ,
तो शेपूट वळवलेला, तोही त्याच जागी.
वरून लिपी बदलते. अंगठ्याला कळत नाही.

अजून एक केलं, ते कुणाला दिसत नाही.
चौकटी होत्या तशाच ठेवल्या,
पण दोन अक्षरांमधली हद्द, न काढलेली,
फक्त बोटापुरती असलेली,
चार ठिपके उजवीकडे सरकवली.
मोजणीला कुणी आलं नाही. मोर्चा निघाला नाही.
एका तालुक्यात एवढं सोपं
आजवर काही सरकलं असेल का, माहीत नाही.

तीन आठवड्यांनी परत गेले.
सुपात पानं, मांडीवर दोरा,
फोन पोत्यावर ठेवलेला, पडद्याला एक चीर.
नऊ शब्द, सहा मिनिटं.
कळ, गूळ, जवळ, एका टेकण्यात.
मी वहीत बरोबरच्या खुणा करत होते,
जरा जास्तच ठळक.

तेवढ्यात जावयाला निरोप गेला:
डोळ्याचं आवश्यक आणा.

"आवशद लिवलो हुतो मी," ती म्हणाली.
"तुझ्या फोननंच मोडलं."
औ कुठं ठेवलाय तेही तिला सापडलं नव्हतं,
आणि सापडला असता तरी
तिच्या तोंडात तो नाहीच.

एसटीत, हत्तरगीच्या पुढं, रेंज आली तशी
शब्दसंग्रह उघडला.
आवशद घातला.
शुद्धलेखन बघणाऱ्या सरांना विचारलं नाही.
माझ्या मनगटात, उजव्या,
बारीकशी काहीतरी चमकली.