मालक क्रमांक तीन

नवी गाडी घेणारे पेढे वाटतात.
आम्ही कधी वाटले नाहीत.
जुन्या गाडीचे पेढे कुणाच्या नावाने वाटायचे?

पहिली पद्मिनी. साय शिळी झाली की होतो तो रंग.
नौपाड्यातल्या डॉक्टर टिपणिसांची, त्याआधी आणखी कुणाची.
डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांचं एक थर्मामीटर राहिलं होतं,
पारा एकशे दोनवर थांबलेला.
मी झटकून उतरवला नाही.
गायमुखच्या चढावर इंजिनाचा काटा लालकडे सरकला
की मला तो पेशंट आठवायचा, ज्याला मी पाहिलाही नव्हता.
राबोडीत सलाउद्दीन बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणायचा,
ताई, हिला काही झालेलं नाही. हिचं वय झालंय.
आणि वयाचे पन्नास रुपये घ्यायचा.
सकाळी चोक ओढला की
पाचपाखाडीतल्या चार बिल्डिंगांना कळायचं,
वागळे इस्टेटची बाई निघाली.

मग आठशे. गडद निळी, ऐरोलीच्या मढवींकडून.
सहाच महिने वापरलेली,
आणि भाव इतका कमी की कारण विचारायचं धाडस होईना.
मागच्या काचेवरची अक्षरं काढलेली होती,
डिंक राहिला होता.
दुपारचं ऊन तिरकं आलं की वाचता यायचं:
प्राजक्ता वेड्स,
पुढचं ब्लेडने खरवडलेलं.
ड्रायव्हरची सीट मात्र अगदी पुढे ओढलेली,
कुणा बुटक्या बाईच्या मापाने.
म्हणजे ती चालवत होती.
मला तेवढं पुरलं.

विद्याधरला गाडी येत नाही.
तो टोलचे सुट्टे असतो, डावीकडचा आरसा असतो,
आणि उतारावर नसलेला ब्रेक दाबणारा पाय असतो.
लग्नाआधी कोपरीच्या हॉटेलात त्याने सांगितलं,
आधी एकदा झालंय, चार वर्षं, मूल नाही.
आरटीओचा फॉर्म भरावा तसं, रकान्यामागून रकाना.
मी म्हटलं, कुठे ठोकलेली आहे का?
तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
अजूनही तो कपात आधी साखर घालतो, मग चहा ओततो.
ते मी शिकवलेलं नाही.

सँट्रोच्या मागच्या सीटवर बॉलपेनने लिहिलं होतं,
मिहीर गाढव आहे.
अन्विता तेव्हा दुसरीत.
तिने खाली लिहिलं, कोणता मिहीर?
बारा वर्षांनी दिव्याचा एक माणूस गाडी घ्यायला आला,
म्हणाला, एवढं पुसून देता का?
मी म्हटलं, शंभर कमी करते, पण राहू द्या.

पद्मिनी मात्र पुन्हा भेटली.
शीळफाट्याला, भंगारवाल्याच्या दारात,
थप्पीच्या बाजूला, पाळी न आलेली.
मी गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकत ठेवले.
विद्याधर म्हणाला, हीच कशावरून?
नंबरप्लेट नव्हती. रंगही नव्हता.
पण ड्रायव्हरच्या दाराची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची.
मी उचलली. ओढली.
उघडलं.
आत सीट नव्हती, कप्पा नव्हता, खाली गवत दिसत होतं.
तरी दार मी हळूच लावलं.
आपटलेलं तिला चालायचं नाही.

आता अन्विताने नवी घेऊन दिलीय. कोरी.
तुर्भ्याच्या शोरूमात हार, नारळ, फोटोसाठी मोठ्ठी पुठ्ठ्याची किल्ली.
कागदावर माझं नाव आणि पुढे आकडा एक.
विद्याधर प्लास्टिक न काढताच बसला,
पाहुण्यांच्या घरी बसतो तसा, टेकायचं की नाही.
मी कप्पा उघडला. माहितीपुस्तिका.
सीटखाली हात घातला. काही नाही.
वास येत होता, पण कुणाचा नव्हता.

मग किल्ली फिरवली, काटे उठले,
आणि किलोमीटरच्या जागी दिसले: अकरा.

हे अकरा कुणी चालवले? मी विचारलं.
शोरूमचा पोरगा जरा घाबरला.
मॅडम, यार्डातून इथवर आणावीच लागते, आमचा एक मुलगा आहे.
नाव काय त्याचं?
सिद्धप्पा. का हो, ओरखडा आहे का कुठे?

नाही रे, म्हटलं.
सहज.