डावी पेटी

माघात दोंडाईच्याच्या हवेला तिखट असतं.
बाजार समितीत मिरचीची पोती उतरतात
आणि स्टेशन रोडवर माझ्या दुकानात
सोल्डरच्या धुरात एक शिंक कायमची अडकून बसते.

त्या दिवसांत कौतिकबाई छोट्या हत्तीतून
दोन पेट्या घेऊन आल्या, गोधडीत गुंडाळलेल्या.
सागाच्या, कमरेइतक्या. प्रत्येकीत तीन स्पीकर :
थोरला, मधला, आणि रुपयापेक्षा जरा मोठा धाकटा,
ज्याच्या वाट्याला झांज, तारेवरचं नख, ‘स’ आणि ‘श’.
“डावी पेटी जास्ती चरचर करस,” म्हणाल्या
आणि बाकावर बसल्या,
चहा उकळेपर्यंत होईल अशा बेतानं.

मागची फळी काढली. आत गादीचा कापूस,
चाळीस वर्षं आवाज पिऊन पिवळा.
कापसाखाली क्रॉसओव्हर,
पंगतीतला वाढपी :
जाड ते थोरल्याच्या पानात, बारीक ते धाकट्याच्या,
आणि मधल्याला
दोघांनी नाकारलेलं.

कपॅसिटरवर छापलेलं चार पॉइंट सात.
मीटर म्हणालं, अकरा.
सापडला, म्हटलं, चोर!
मग उस्तादांची चापट आठवली मानेवरची :
एक पाय उचलल्याशिवाय मोजलंस
तर मीटर शेजाऱ्यालाही मोजतं, गाढवा.
पाय सोडवला. पाच पॉइंट नऊ.
उजवीतला काढला. पाच पॉइंट आठ.
म्हातारे झालेले, पण जोडीनं. तक्रार एकाचीच कशी?

कॉइल जशाच्या तशा. तांबं म्हातारं होत नाही.

राहिला रेझिस्टर, सिमेंटचा, पांढरा, तीन पॉइंट तीन ओहम.
उजवीत तो धाकट्याच्या वाटेत उभा :
हळू बोल, मोठी माणसं बसलीत.
डावीत मीटर शून्यावर.
फळी उलटी केली तर त्याच्या पाठीवरून
या पायापासून त्या पायापर्यंत
तांब्याची एक तार.
टाका गुळगुळीत, चकचकीत, कुठे थेंब नाही.

“कोणत्या शहाण्यानं केलंय हे?”
“मास्तरनी.”

हिलाल मास्तर. शाळेची प्रयोगशाळा तीस वर्षं त्यांच्या किल्लीत.
निवृत्तीनंतर डाव्या कानातून बारीक आवाज निघून गेले,
आधी रातकिडे, मग कुकरची शिट्टी.
कानाचं मशीन आणलं, ते सुपारीच्या डब्यात पडून राहिलं.
एका रविवारी पेटी उघडून बसले.
संध्याकाळी सरोद लावली, डोळे मिटले, म्हणाले, आता मधोमध आहे.

सहा वर्षं ती खोली त्यांच्या कानांच्या मापाची होती.
बाई डावीकडे बसायच्या, शेंगा फोडत.
किंचाळणारी पेटी त्यांच्याच कानाशी.
कधी बोलल्या नाहीत.

माझा इस्त्रीसारखा तापलेला सोल्डरिंग गन हातातच राहिला.
दुरुस्त काय करायचं होतं इथे?
“राहू देऊ का तसंच,” मी घुटमळलो, “आठवण म्हणून...”

“आठवनी घरमा गंज शेतस.
आते ऐकनारी मी शे.
मना दोन्ही कान धड शेतस, भाऊ.
सारख्या करी दे.”

केल्या.
कपॅसिटर एकाच पाकिटातले, मोजून जुळवलेले,
दोन्हीकडे नवे.
कापूस तोच ठेवला, उन्हात झटकून.
मग सरोद लावली. बाईंनी बाक ओढला,
थोडा डावीकडे, थोडा मागे,
आणि दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधे बसून
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
बाहेर मिरचीचा ट्रक रिव्हर्स घेत होता.
“आते बरं,” म्हणाल्या.

तार काचेवर ठेवून पुढे सरकवली.
“हाई लीसन मी काय करू?”

तार चांगली होती, जाड, एकजीव.
त्याच आठवड्यात शिरपूरच्या एका बँडवाल्याच्या भोंग्यात घातली.
लगीनसराई गेली. अजून परत आलेला नाही.